समोरच्याचे ओठ

३ फेब्रु. १९७४, रवि.
सात रस्त्याच्या क्लबात रमीची फायनल. जिंकलो. शेवटचा हात टिपून ठेवतो, असा हात वर्षातून एखादाच येतो. टेंभुर्णीचे मोहिते (ट्रकवाले, माणूस दिलदार, पाने मात्र घाईने टाकतात) एकाच पानासाठी अडलेले. ते पान चौकटची नव्वी, हे मी ओळखले. ती माझ्या हातात, मला तिचा काडीचा उपयोग नाही, तरी सोडली नाही. शेवटी त्यांच्यासमोर पाने उघडली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.
हे सगळे गणित आहे. खाली पडलेले एकेक पान ध्यानात ठेवायचे, कोणी काय उचलले ते ध्यानात ठेवायचे. मला कोणी शिकवले नाही.
हात मिळवताना मोहिते म्हणाले, "कदम, माझ्या पाठीमागं आरसा लावलाय का काय?" सगळे हसले, मीही. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती, खोटे कशाला लिहू.

५ फेब्रु., मंगळ.
नरसय्या आला होता. गिरणीत आमचे माग शेजारी शेजारी. नोकरी सोडून मी पत्त्यांच्या स्पर्धांवर पोट भरायचे ठरवले, तेव्हा ह्याने एकट्याने मला वेडा म्हटले नाही. रविवारी फायनलला भिंतीशी उभा होता. त्याला नव्वीचे गणित समजावून सांगू लागलो. बशी खाली ठेवून म्हणाला,
"गणित कशाला? मोहिते बोलत व्हता की. पानं लावताना नव्वी, नव्वी करत व्हता. मला भिंतीपास्नं दिसलं, तुला समोरनं न्हाय?"
आवाजाने नव्हे, नुसत्या ओठांनी. मागखात्यात त्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो. आम्ही सगळे एकमेकांच्या ओठांवरचे वाचूनच बोलायचो. तो तेलुगूत, मी मराठीत. दोघांना दोन्ही कळायचे.
मी म्हणालो, मी त्यांच्या तोंडाकडे बघितलेसुद्धा नाही.
"बगितलं नसशील. दिसलं असंल."
एवढे बोलून पान खाऊन गेला. त्याच्या मनात काही नव्हते. माझ्या मनात ठेवून गेला.

७ फेब्रु.
झोप नीट नाही. आजवर कोणाकोणाला हरवले ते आठवत बसलो. बहुतेक सगळे पुटपुटणारे. आणि मी कायम हरतो कोणाशी? एक ते कापडवाले शेठ, तोंडात पान भरून गप्प बसतात. दुसरे रिटायर फौजदार, त्यांच्या मिशा खालच्या ओठापर्यंत.
योगायोग म्हणावा, तर दोघेही तसेच कसे?
कोणी मला लबाड म्हटले तर त्याला उत्तर देता येईल. पण स्पर्धा मी जिंकलो की मागखात्याने जिंकल्या? गिरणी सोडली ती माझ्या डोक्याच्या भरवशावर. डोके कामाला आलेच नसेल तर...
सौ.ने दोनदा विचारले, बरे नाही का. बरे आहे म्हणालो.

८ फेब्रु., शुक्र.
क्लबात जाऊन सेक्रेटरींना सगळे सांगितले. परस्पर कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेले बरे. ते आधी ऐकत राहिले, मग हसत सुटले. ओठ हलवू नयेत असा नियम नाही, ते बघू नयेत असाही नाही, म्हणाले. म्हणजे स्पर्धांचे दार उघडे. जिना उतरताना पाय हलके व्हायला हवे होते. अर्धेच झाले.
मोहिते तिथेच होते. रागावतील वाटले, तर खूश. रविवारी फडके बांधून येतो म्हणाले. एकास एक.

१० फेब्रु., रवि.
मोहिते खरेच तोंडाला फडके बांधून आले. ड्रायव्हर लोक धुळीला बांधतात तसे. क्लबात जत्रा जमली. एकाने विचारले, दरोडा कुठे घालायचा ठरलाय.
हरलो. थोडाथोडका नाही, लागोपाठ. नजर सारखी त्या फडक्याकडे. फडके हलले की पुढचे मागचे सगळे विसरायचो. खाली काय पडले तेही आठवेना. बदामची राणी ह्यांनी उचलली की मी टाकली, इथपर्यंत वेळ आली.
फडके सोडून मोहिते म्हणाले, "कदम, आतमधी मी सारखं चव्वी, चव्वी करत हुतो. हातात एक चव्वी नव्हती." त्यांनाच इतके हसू आले की पाणी मागवावे लागले. मला चव्वी दिसली नव्हती. काहीच दिसले नव्हते. तोच तर घोर.

११ फेब्रु., सोम.
सौ.ला सांगितले. भाकरी थापता थापता ऐकले, हात थांबला नाही. तिचे माहेर मैंदर्गीचे, घरी सगळे कानडीत. म्हणाली,
"आमच्या गावाला जावा की. अडत्यांच्या माडीवर दरसाल डाव लागतात. समदी कानडीत पुटपुटत्यात. तुमाला कळतंय का कानडी?"
बाजारात 'एष्टु' विचारण्यापुरते. भाव सांगितला की तोही कळत नाही.
"मग झालं. बघा जावा, गणित कुणाचं ते."
इतकी वर्षे हिला पत्त्यातले काही कळत नाही असे धरून चाललो होतो.

२३ फेब्रु., शनि., मैंदर्गी
अक्कलकोटपर्यंत एस.टी.त उभ्याने. मेहुण्यांकडे उतरलो. दुपारी अडत दुकानाच्या माडीवर गेलो, खाली भुईमुगाची पोती. खेळणारे बहुतेक व्यापारी आणि पाटील मंडळी. माझ्याशी मराठी, आपसांत कानडी.
बसल्याबरोबर समोरच्याचे ओठ हलू लागले. वाटले, इथेही तेच. मग लक्षात आले, काय म्हणतोय ते मला ठार कळत नाही. कोऱ्या कापडाकडे बघावे तसे. नजर आपोआप खाली आली, पडलेल्या पानांवर.
आणि पाने आठवली. कोणते पडले, कोणी उचलले, कोणते पान दोन्ही कॅटमधले गेले. अगदी क्रमाने. पहिला हात जिंकलो, दुसरा जिंकलो. तिसरा हरलो तो पानेच भिकार होती म्हणून, आणि हे मला हातात घेताक्षणी कळले.
मेहुणे म्हणाले, जेवताना असे एकटेच काय हसताय.

२४ फेब्रु., रवि., मैंदर्गी
जिंकलो. फायनलला समोर थोरले पाटील, सत्तरीचे, हात स्थिर. शेवटचा हात लिहितो. त्यांनी माझी इस्पिकची सत्ती उचलली, म्हणजे सत्ती, अठ्ठी, नव्वी जुळली. वर दश्शी लागेल, तर दोन्ही कॅटमधल्या दश्श्या पडून गेलेल्या. उरली खालची छक्की. एक आधीच पडलेली, दुसरी माझ्याकडे. शेवटपर्यंत दाबून धरली. पाटील अडकून बसले, मी पाने उघडली.
पाटलांनी पाठ थोपटली. कानडीत काही म्हणाले, सगळे हसले. मेहुण्यांनी अर्थ सांगितला, जावई लई बेरकी मिळाला. आनंद कसा लिहावा कळत नाही. गिरणी सोडल्यापासून आजच प्रथम नोकरीतून खरा सुटल्यासारखे वाटले. डोके माझेच आहे.

२५ फेब्रु., सोम., सोलापूर
सकाळच्या गाडीने घरी. नरसय्याला निरोप धाडला, संध्याकाळी ये. सौ.ला सगळे डाव सांगत बसलो. एरवी ती दुसऱ्या हातालाच उठते, आज बसून राहिली. माहेरचे थोरले पाटील म्हणून असेल. पाटील कसे बसतात, मान कशी हलवतात, शेवटी पानाची वाट बघताना तोंड कसे करत होते, सगळी नक्कल करून दाखवली. ओठ आधी उघडायचे, मग चंबू व्हायचा.
सौ. म्हणाली, "आरु."
काय आरु?
"तुमीच म्हणालासा की आता. आरु. सहा."
पुन्हा तोंड करून बघितले. आरु. नरसय्याच्या तेलुगूतही सहाला आरुच म्हणतात. मागावर उभा राहून हजारदा वाचलेला शब्द. कानडीतही तोच आहे हे कोणाला माहीत?
सौ. पदर तोंडाला लावून हसत आत गेली. अजून हसते आहे, इथपर्यंत ऐकू येते. मलाही हसूच आले. चार दिवसांपूर्वी आले नसते. बाकीच्या हातांत पाटील आणि मंडळी काय काय बोलली ते मला अजूनही माहीत नाही, आणि ते हात मी जिंकलो. ते कोणी काढून घेऊ शकत नाही.
आणि छक्की धरायला कारण होते, वर लिहिलेच आहे. दश्श्या पडलेल्या होत्या. कारण चोख आहे.
फक्त दश्श्यांची आठवण आधी झाली की पाटलांचा चंबू आधी दिसला, एवढे मात्र कितीही आठवले तरी आठवत नाही.