उसातल्या डुकरासाठी एकच गोळी

सुरगाणा,
नोव्हेंबर १९७८

ती. दादास लंकाचा नमस्कार.

माझी तब्येत ठीक आहे. सभा चांगल्या होतात, नागलीची भाकरीही आवडू लागली आहे.

उसात शिरणाऱ्या रानडुकरासाठी ठासणीच्या बंदुकीत छर्रे भरावेत की गोळी, असं तू विचारलं होतंस. मलाही कुतूहल वाटलं. मी ज्यांच्याकडे उतरले आहे त्या बहिरूकाकांना केळीच्या खांबावर दोन्ही झाडून दाखवायला लावलं. छर्रे वरच्या सालीतच अडकले. चिंधीत गुंडाळून ठासलेली शिशाची गोळी आरपार गेली.

काका हसून म्हणाले, "बाई, सभेत तू एका वाक्यात मोठ्या मोठ्याला गप करते, अन् भाऊ मूठभर छरे उधळतो का?"

छऱ्यांनी डुक्कर मरत नाही, चवताळतं. मला ते क्रूरही वाटतं. मात्र वनखात्याची परवानगी हातात आल्याशिवाय बार भरू नकोस. पीक आपलं असलं तरी कायदा सगळ्यांचा आहे.

वहिनी रात्री एकट्या जागत बसतात का? आईला यातलं काही सांगितलंस का?

आणि नेम चुकून डुक्कर नुसतं जखमी झालं, तर त्याच्यामागे उसात शिरू नकोस. मागे फिरा, असं मी सभेत आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

तुझी धाकटी,
लंका