पेटतं ढेकूळ

एडिनबरो, २ मार्च १९२७

ती. इझबेलआत्यास गॅव्हिनचा सा. न. वि. वि.

आमच्या शब्दकोशाचं गाडं 'हॉट ट्रॉड' या शब्दापाशी अडलंय. ट्रॉड म्हणजे पावलांचा माग, हे ठीक. पण हॉट का? तुमच्याकडच्या सरहद्दीच्या जुन्या कायद्यात एवढं सापडतं, की गुरं चोरीला गेली की धनी भाल्याच्या टोकाला जळाऊ मातीचं पेटतं ढेकूळ खोचून मागावर निघे. धूर दिसेल त्याने सामील व्हायचं. पाहूनही जो येणार नाही, तो चोराचा साथीदार. हा शब्द तुमच्या खोऱ्यात अजून कुणाच्या तोंडी आहे का, हे डँडकाकांना विचार. जीनच्या लग्नाला येतोच आहे. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा गॅव्हिन

लिडल खोरे, ११ मार्च

चि. गॅव्हिनास अनेक आशीर्वाद.

शब्द खाऊन पोट भरतं का रे? तुझे काका म्हणतात, माग ताजा, गरम असतानाच निघायचं म्हणून हॉट. म्हातारा वॉट म्हणतो, पेटत्या ढेकळामुळे. दोघे हमरीतुमरीवर आले. ह्यांनी तुझं पत्र गुत्त्यात मोठ्याने वाचलं, तेव्हापासून साऱ्या खोऱ्याला आजोबांच्या मिशा फुटल्या आहेत. मला ते आवडलं नाही. आमच्या चार मेंढ्या चोरीला गेल्यात, ह्यांचं डोकं आधीच तापलेलं. आपला होणारा जावई सिम हसून म्हणाला, हल्ली चोर लॉरीतून येतो, धूर काढत त्याच्यामागे कोण धावणार? पोरगा गुणी आहे, पण ह्यांच्यासमोर हसायला नको होतं.

प्रकृतीला जप. आत्याची आठवण असू दे.

इझबेल

लिडल खोरे, ४ एप्रिल

गॅव्हिनदादास जीनचा नमस्कार.

आई लिहिण्याच्या अवस्थेत नाही. गुरुवारी आणखी मेंढ्या गेल्या. बाबांनी गवत उचलायच्या लोखंडी काट्यावर पेटतं ढेकूळ खोचलं आणि निघाले. धूर पाहून सगळे बाप्ये आले, एकटा सिम आला नाही. म्हणून जमाव त्याच्याकडेच वळला. मीही मागून धावले.

सिम गोठ्यात कोपरापर्यंत रक्ताने माखून अडलेल्या मेंढीचं कोकरू ओढत होता. मेंढीच्या कानावर आमची खूण. ओढ्यात पडलेली सापडली, आधी हिला सोडवतो मग बोलू, एवढंच तो म्हणाला. बाबांनी काटा त्याच्या पोटात घातला. मग सगळे तुटून पडले. बुटांनी त्याचा जबडा फोडला, डोळा फोडला. काट्यावरून पडलेलं ते ढेकूळ कुणीतरी गोठ्याच्या छपरावर फेकलं, छप्पर पेटलं. मी सिमला पायांना धरून बाहेर ओढलं. काल तो गेला. कोकरू जगलंय.

पोलीस घरोघर फिरला. धूर सगळ्यांना दिसला होता, काटा कुणालाच दिसला नाही. आई पाया पडते, म्हणते तू गप्प राहा, नाहीतर बाबा फासावर जातील. पण दादा, नियम तूच लिहून पाठवला होतास. पाहूनही जो येत नाही, तो साथीदार. मी पाहिलंय. उद्या साक्षीला जाते आहे.

माझ्यावरची माया कमी करू नकोस. इथे आता कुणाची उरणार नाही.

तुझी जीन