दाब वाढण्याआधी

आई, तुला बांगड्या भरल्या त्या दिवशी मी नऊ वर्षांची होते. आज मी तुझ्या त्या वयाच्या दुपटीहून मोठी आहे, तेव्हा थोडं कडक बोलले तर चालवून घे.

बंगळूरच्या शिवाजीनगरातलं घर, तुझा आठवा महिना. कासार समोर बसलाय आणि हिरवी बांगडी तुझ्या हातावर चढत नाही. "अक्का, स्वल्प साबण द्या," तो म्हणतो. काकू हसते, "हात बघा हिचे, लोण्याचे गोळे! नुसतं बसवून खायला घातलंय." तूही हसतेस. सुजलेल्या बाईला सगळ्यांनी मिळून गुटगुटीत ठरवलं. मग दाराकडे बघत तू मला म्हणालीस, "अगं, त्या बाईंना पाट दे. केव्हाच्या उभ्या आहेत." दारात कोणी नव्हतं. मी हलले नाही तशी रागावलीस, "आल्यागेल्याला बस म्हणायची रीत नाही का?" मी पाट मांडला. काकूने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. डॉक्टरला कोणी बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी तुला झटके आले. तू गेलीस, पोटातलं बाळही गेलं. दारातल्या बाईने नेलं, असं घरात वर्षानुवर्षं सांगत राहिले.

त्या बाईवरच्या रागाने मी शिकले. आता माझ्या लॅबमध्ये आम्ही गरोदर बायकांच्या रक्तातली दोन प्रथिनं मोजतो. दोन्ही बाळाच्या वारेतून येतात. एक रक्तवाहिन्या वाढवतं, दुसरं त्याला अडवतं. दुसरं फार वरचढ झालं, की ज्याने तुला झटके आले तो रक्तदाब वाढण्याआधीच सावध होता येतं. भुताखेताचं बोललेलं मी तिथे खपवून घेत नाही.

मागच्या महिन्यात, भर दुपारी, माझी लेक हेब्बाळहून मला डबा घेऊन आली. तिलाही आठवा लागला होता. मी बाहेर आले तर ती अंग चोरून बाकाच्या टोकाला सरकत होती. शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, "बसा ना."

"कोणाला म्हणतेस?"

"आत्ता कोणीतरी आलं ना... नाही? काहीतरी चमकलं डोळ्यांपुढे. अगं आई, अशी काय बघतेस? वेड नाही लागलेलं मला!"

हातापायांवर सूज नव्हती. दाब काठावर होता. तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, रक्त मीच काढलं, तपासणीही मीच लावली. आकडा बघून पुन्हा लावली. तोच आला. संध्याकाळच्या आत तिला दाखल केलं. ती चिडली, "आकड्याने नाही, तुझ्या चेहऱ्यानेच दाब वाढेल माझा!" चौथ्या दिवशी तो खरोखर चढला, पण तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी होत्या. मुलगी फार लवकर झाली, अजून काचेच्या पेटीत आहे, पण वजन धरतेय. दोघी आहेत, आई.

कसं ओळखलंत, असं लॅबमधल्या मुली विचारतात. डोळ्यांपुढे चमकणं हे लक्षण आहे, असं मी सांगते. ते खरंच आहे, पुस्तकात आहे.

हे पत्र लेकीलाही दाखवणार नाही, म्हणून लिहिते. तिचं रक्त काढताना बाकावर तिच्या शेजारी ती मोकळी जागा होती, आणि माझे गुडघे सकाळपासून ठणकत होते. मी उभ्यानेच काढलं.