रस्त्याकडच्या दोन ओळी

११ मे

प्रिय धाकट्या,

इतके दिवस पत्र नाही, राग मानू नकोस. फोनवर तू घाईत असतोस आणि मी भित्री, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळं ठीक, असं लिहिलं आणि खोडलं.

पुढच्या आठवड्यात दाणे विकत घेऊ पाहणाऱ्या पाहुण्यांना आपली लिंबाची बाग दाखवायला आणतोयस, हा निरोप मिळाला. तुझ्या त्या पाणी धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या जाहिरातीत छापलेला बागेचा फोटोही पोचला. आईने तो उशाशी ठेवलाय.

उशाशी म्हणजे, ती आता झोपूनच असते. तुला "जरा पाय मुरगळला" एवढंच सांगितलं, कारण तिने तसं बजावलं होतं. खुब्याचं हाड मोडलंय. आधाराशिवाय चालणं आता कठीण, असं डॉक्टर म्हणतात.

आठवतं, लागवडीच्या वेळी तू व्हरांड्यात पेल्यात चमचाभर दाणे टाकलेस, प्रवासातल्या बाटलीतलं पाणी ओतलंस. थोड्या वेळाने पेला उलटा केलास, थेंब सांडला नाही. "ताई, जादू नाही, शास्त्र आहे! अधूनमधून पाणी सोड आणि पाय पसरून बस." आम्ही टाळ्या वाजवल्या. मग रोपांच्या खड्ड्याखड्ड्यात दाणे घातले आणि वर विहिरीचं पाणी सोडलं. आपलं खारं, साबणाला फेस न येणारं. अशा पाण्यात हे दाणे नीट फुगतच नाहीत, हे रोपं सुकल्यावर वाचून कळलं. खड्डा उकरला, तर दाणे जेमतेम सुजलेले. मी शाळेत विज्ञान शिकवते; तेच पाणी आधी पेल्यात ओतून बघावं, हे मलाही सुचलं नाही. तेवढ्यापुरतं सगळं खापर तुझ्यावर फोडत नाही.

पण रस्त्याकडच्या दोन ओळी हिरव्यागार राहिल्या. शेजारचे रोपवाटिकावाले चिडवायचे, "बाई, भावाच्या दाण्यांना रस्त्याकडचीच माती मानवते वाटतं!" मीही हसायचे.

एका दुपारी शाळेतून आले, तर आई दुसऱ्या ओळीत आडवी, शेजारी प्यायच्या पाण्याची कळशी लवंडलेली. माझी पाठ वळली की ती नळाचं गोडं पाणी त्या ओळींना घालत होती. येणारा-जाणारा तेवढंच बघतो ना.

"त्याचं हसं झालं असतं गं," उचलताना कण्हत म्हणाली. "त्याला सांगू नकोस हं."

तुझा फोटो त्याच दोन ओळींचा आहे. त्यांच्या मागे, फोटोत न आलेली, सगळी वाळकी काटकं. फोटो काढायला आलास तेव्हा मागे पाहिलं नाहीस? की पाहिलंस आणि कॅमेरा जरा वळवलास?

काल आई म्हणाली, "पाहुणे यायच्या आधी तू घाल पाणी." मी कळशी उचलली नाही, कागद घेतला. तिला दिलेला शब्द मोडतेय, त्यात मत्सरही असेल. कूस मी बदलून देते, ती बघते तुझा फोटो. हेही लिहून टाकलेलं बरं. उगाच माझी बाजू धुतल्या तांदळासारखी दिसायला नको.

पाहुण्यांना आणायचं की नाही, तू ठरव. आणलंस, तर मी त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत चालवत नेईन.

आईला न विचारता लिहिणारी,
तुझी ताई

उद्याचं काम: विहिरीच्या पाण्याची बाटली भरून या पत्रासोबत पाठवणे. दाणे आणि पेला तुझ्याकडे आहेतच.