भावजींचे मेसेज

हर्षद भावजी,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर त्याचाही फोटो काढून कुठल्यातरी ग्रुपवर टाकाल.

'आमचं कडाव' ग्रुपमधून तुम्हाला काढलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. तुमच्या शिव्यांना कंटाळून बायका ग्रुप सोडायला लागल्या होत्या. आता लाईट कधी जाणार, दुधाची गाडी कधी येणार, सगळं वेळेत कळतं. तुम्ही मात्र खोपोलीत रुसून बसलात आणि घरी फोन करणंही बंद केलंत.

आईंना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना वाचता येत नाही. दुपारी तांदूळ निवडताना त्या रोज विचारतात, "आमचा हर्षद काय बोलला गं आज ग्रुपवर?" पूर्वी मी शिव्या गाळून तुमचे मेसेज वाचून दाखवायचे. आता फोन समोर धरते आणि मनानेच रचून सांगते. त्यात तुम्ही सरपंचांना झापता, रस्त्यातल्या खड्ड्यांवरून भांडता. आई खूश होतात.

काल मला भांडण सुचेना. म्हणून सांगितलं, "सगळ्यांना नमस्कार म्हणालेत. आईची आठवण येते म्हणाले."

आईंचा हात सुपातच थांबला.

"आजारी हाय का गं तो?"

ॲडमिन आणि तुमची वहिनी,
समिधा