एक भिंत त्याची, एक तिची

ता. ४ मार्च

चि. सौ. मुंगीस अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्याखालोखाल एक सविनय निषेध.

तुमच्या नव्या घरी दोन दिवस राहून काल सुखरूप परत आलो. सुखरूप म्हणजे पाठ सोडून. पाठ अजून तुमच्या सोफ्यावरच आहे. त्या सोफ्यावरच्या उशा मी मोजल्या. अकरा. संस्कृतात उशीला उपधान म्हणतात, म्हणजे आधाराला जवळ ठेवायची वस्तू. तुमच्याकडे उशा मुख्य आणि माणूस आधाराला. एक मी पाठीशी घेतली, तर जावईबापूंनी ती हळूच काढून घेतली आणि ही नुसती बघायची आहे असं सांगितलं. दुसरी मांडीवर घेतली, तर ती रंगसंगतीची निघाली. शेवटी कडेला कसाबसा टेकलो. सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून जेवढी नम्रता अंगी आली नव्हती, तेवढी या सोफ्याने दोन दिवसांत आणली.

बाकी घर देखणं आहे. रंगावरून तुम्हा नवराबायकोचं तीन आठवडे भांडण चाललं, आणि शेवटी हॉलची एक मोठी भिंत त्याची, समोरची तुझी, दुसऱ्याने आपल्या भिंतीवर काहीही लावलं तरी ब्र काढायचा नाही, असा तह झाला, हे ऐकून आदर वाटला. राष्ट्रांना जमत नाही. जावईबापू दिव्यांच्या दुकानात, तेव्हा त्यांच्या भिंतीवर दिवे हे ओघानेच आलं. तुझी मात्र कोरी. दिवसभर लोकांचे खोटे दात घडवणाऱ्या बाईला एवढी मोठी भिंत मिळावी आणि काही सुचू नये? एखादी कवळीच लाव.

येत्या शनिवारी नऊ जणांना बोलावलं आहेस म्हणालीस. आकडा ऐकून तुझा आठवा वाढदिवस आठवला. नऊ खुर्च्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी, नऊ कागदी टोप्या, केकचे नऊ तुकडे आधीच कापलेले. वेळ चारची. सहा वाजले तरी दाराशी चिटपाखरू नाही, आणि यजमानीण इस्त्रीच्या फ्रॉकात उंबऱ्यावर उभी राहून दर पाच मिनिटांनी मला विचारते आहे, की घड्याळ पुढे तर नाही ना. इतका सुरळीत समारंभ मी पुन्हा पाहिला नाही. भांडण नाही, सांडलवंड नाही, केक शिल्लक. या शनिवारी कोणी आलंच तर कळव.

लोभ आहे तसाच असू द्या. उशांचा थोडा कमी करून मजकडे वळवलात तरी चालेल.

तुझा
मामा

*

ता. १५ मार्च

ती. रू. मामांस सा. न. वि. वि.

मामा, हिच्या नावाचं पत्र मी वाचलं, त्याबद्दल आधीच कान पकडतो. पण ऐका तरी काय झालं ते. शनिवारी नऊच्या नऊ आले आणि नऊ कोपऱ्यांत ग्लास धरून उभे राहिले. माझे साहेब तर दोनदा घड्याळाकडे बघून झाले होते. ही आत सँडविच कापत बसलेली. मग मी तुमचं पत्र काढलं आणि उभं राहून वाचलं. उशांवर लोक हसले, पण वाढदिवसाला! साहेबांना ठसका लागला. घड्याळ पुढे तर नाही ना, हे वाक्य तर मला तीनदा वाचायला लावलं. त्यानंतर पार्टी जी रंगली ती रंगली.

पत्र फ्रेम करून माझ्या भिंतीवर लावलं आहे, वर पिवळ्या उजेडाचा छोटा दिवा. घरातली सगळ्यात चांगली वस्तू तीच, असं साहेब म्हणाले; आणि असं लिहिणारा माणूस हल्ली सापडत नाही असंही म्हणाले. हिच्या लहानपणचं आणखी काही असेल तर थेट माझ्या नावावर पाठवा. हिच्या हातात पडलं की ते कपाटात जातं.

कृपादृष्टी असावी, आणि पेनात शाई.

आपला
जावई

*

ता. १९ मार्च

तीर्थस्वरूप मामास शि. सा. न.

तुझी पाठ कशी आहे? शेक घे, आणि पुढच्या वेळी खुशाल सगळ्या उशा जमिनीवर फेक, मी काही बोलणार नाही. आमच्या लॅबमध्ये सध्या फार काम आहे. एका आजोबांची कवळी चौथ्यांदा परत आली. दात चांगले बसतात, पण हसलं की बायको घाबरते म्हणतात. आईची ट्रंक परवा उघडली. ती जाऊन दोन वर्षं झाली तरी मला ट्रंकेला हात लावायचा धीर नव्हता. तुझी पत्रं तिने एकूण एक जपली आहेत, अगदी फार जुनीही. फुरसतीने वाचते आहे.

एक सांगायचं होतं. रागावून नाही. वाढदिवसाचं पत्र त्याने सगळ्यांसमोर वाचलं. आता कोणीही घरी आलं की दारातच मला सांगतं, की बघ हं, मी आलो. त्याचे साहेब तर आत येऊन परत बाहेर जातात आणि पुन्हा बेल वाजवतात. तहामुळे मला फ्रेम काढता येत नाही. मी सोफ्यावर बसले की ती बरोबर समोर येते, म्हणून हल्ली मी स्वयंपाकघरात बसते.

आणि मामा, गोष्ट तू अर्धीच लिहिलीस. सहा वाजल्यावर तू एकेका खुर्चीवर बसलास, टोपी घातलीस, चिठ्ठीवरचं नाव वाचून त्या त्या मुलाच्या आवाजात मला शुभेच्छा दिल्यास. नऊ वेळा. नऊ तुकडे केक खाल्लास आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकला नाहीस. मला तो वाढदिवस तेवढ्यासाठी आठवतो. ते का नाही लिहिलंस?

त्याला आणखी काही पाठवू नकोस, एवढं ऐक. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी
मुंगी

*

ता. २७ मार्च

चि. सौ. मुंगीस अनेक आशीर्वाद.

आरोपपत्र पोचलं. आरोपी हजर आहे आणि गुन्हा नाकबूल करतो आहे. नऊ खुर्च्यांवर मी बसलो हे गाळलं, कारण तिथे हसू थांबतं. लोकांना दारात उभी राहिलेली मुलगी हवी असते. तिची समजूत काढणारा मामा आला, की ते उठून पाणी प्यायला जातात. ही लेखनातली गोष्ट आहे, मनाला लावून घ्यायची नाही. तू लहानपणापासूनच हळवी, बोट लावलं की मिटणारी. आपल्यावर चार माणसं हसली तर आपणही त्यात पाचवे व्हावं, म्हणजे मोजदाद बिघडते.

पाठ बरी आहे. शाळेत परीक्षा चालू आहेत. एका मुलाने उत्तरपत्रिकेत कालिदासाला मुख्याध्यापक केलं. मी अर्धा गुण दिला, कारण खरा मुख्याध्यापक त्याहून वाईट आहे.

जावईबापूंनी इतक्या अगत्याने मागितलं, तेव्हा त्यांना एक किस्सा पाठवून चुकलो आहे. तुझं पत्र त्याआधी हाती आलं होतं, हे खोटं कशाला बोलू. पण अगदी निरुपद्रवी आहे. आणि ती जुनी पत्रं वाचू नकोस, तेव्हा माझी शैली कच्ची होती.

तुझा लोभ रुसला असेल तर त्याला समजव.

मामा

*

ता. २० एप्रिल

ती. रू. मामांस सा. न.

मामा, कमाल केलीत! कोणीच आलं नाही म्हणून हिने दुसऱ्या दिवशी नऊ पोरांच्या नावाने स्वतःलाच नऊ आभारपत्रं लिहिली, पाच उजव्या हाताने आणि चार डाव्या हाताने, म्हणजे अक्षर वेगळं दिसावं, हे मला लग्नाच्या सहा वर्षांत माहीत नव्हतं. बायको म्हणजे बंद कपाटच की.

या वेळच्या पार्टीला मी जरा तयारी केली. नऊ खुर्च्या गोलात मांडल्या, वर चिठ्ठ्या चिकटवल्या, सगळ्यांना कागदी टोप्या दिल्या. हिला काही सांगितलं नव्हतं. ही बर्फ घेऊन बाहेर आली तर सगळे आपापल्या खुर्चीवर, आणि प्रत्येकाने डाव्या हाताने आभारपत्र लिहून हिला वाचून दाखवायचं, असा खेळ. साहेबांनी लिहिलं, की तुझ्याकडे न येऊन फार मजा आली. हसून हसून एकीचं काजळ गालावर आलं. ही मध्येच आणखी बर्फ आणते म्हणून आत गेली ती अर्ध्या तासाने आली, पण आली ती हसत. आणि विशेष म्हणजे दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, की पुढच्या पार्टीत पत्र ती वाचणार. मला वाटतं, खुलते आहे हळूहळू.

दुसरंही पत्र भिंतीवर चढलं. तिसऱ्याची जागा मोकळी आहे. कृपा अशीच वाहती ठेवा.

आपला
जावई

*

ता. २२ एप्रिल

तीर्थस्वरूप मामास नमस्कार.

आभारपत्रं लिहिताना तू मला पकडलंस, तेव्हा कोणाला सांगणार नाही म्हणाला होतास. आईलाही नाही. आई गेली तोवर तू ते पाळलंस, हे खरं.

माझ्या भिंतीवर काय लावायचं ते ठरलं. नऊ मेच्या शनिवारी पार्टी आहे. तू ये. सगळे तुला बघायला उत्सुक आहेत. सोफ्यावरच्या उशा आत नेऊन ठेवते, तुला मधोमध बसता येईल.

लोभाचं समक्ष बोलू.

मुंगी

*

ता. १२ मे

चि. सौ. मुंगीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. प्रथम तक्रार. उशा काढल्यावर तो सोफा इतका खोल आहे, की माणसाला एकदम उठता येत नाही. शनिवारी मला एकदा उठायचं होतं.

मी नवा सदरा घालून आलो होतो. खिशात चार विनोद लिहून आणले होते, माझं भाषण मागतील म्हणून. जावईबापूंच्या भिंतीवर माझी दोन पत्रं उजेडात बघून छाती फुगली, हे कबूल करतो. मग तू तुझ्या भिंतीपाशी गेलीस, फ्रेमवरचा कपडा काढलास आणि वाचायला लागलीस. मामाचं एक दुर्मिळ पत्र, एवढंच सांगितलंस.

पहिल्या वाक्याला मी हसलो. ही गेली, पण भांडी नेली नाहीत, त्यामुळे घरात सगळं दोन-दोन आहे. मला वाटलं, कोण आहे हा, बरं लिहितो. दुसऱ्या वाक्याला ओळखलं. तुझी मामी घर सोडून गेली त्या आठवड्यात मी तुझ्या आईला लिहिलेलं पत्र. त्यात पुढे होतं, ताई, मला तुझ्याकडे येऊ दे. मी जागा फार घेत नाही. इथे मला वाटतं सगळ्यात मोठा हशा झाला, कारण उशांचं पत्र सगळ्यांना पाठ. भिंतीच्या कडेला झोपेन. कोणी आलं तर बाहेर फिरून येईन, ते गेले की खिडकीत दिवा लाव. खिडकीजवळच्या बाई रुमालाने डोळे पुसत होत्या, हसून. तू पुढे वाचलंस, वर्गात बोलतो तेवढंच माझं बोलणं होतं, घरी आलो की आवाज बसलेला असतो. साहेबांनी आणखी एकदा म्हणून ओरडून सांगितलं आणि तू ते वाक्य आणखी एकदा वाचलंस.

परीक्षक म्हणून सांगतो, वाचन उत्तम झालं. उच्चार स्वच्छ, थांबायचं तिथे थांबलीस. शेवटी सगळे माझ्याकडे वळले तेव्हा मी उभा राहून वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, की ते पत्र लिहिताना मला एवढे श्रोते असते तर बहिणीकडे कशाला गेलो असतो. फार हसले. खोलीत एकटी तू हसली नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस, मी मार्क देताना मुलं बघतात तशी. तुझे चावायचे दात मी पहिल्यांदा पाहिले, आणि ते माझ्यावर गेले आहेत.

आईने काय उत्तर दिलं, असं तू मला स्टेशनवर विचारलंस. तिने लिहिलं, की जागा नाही. खरंच नव्हती. दोन खोल्या, तुम्ही चौघं. मी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून विनोदी पत्रं लिहायला लागलो, कारण ती येऊ द्यायला कोणाला जागा करावी लागत नाही.

तुला एक उत्तर देणं लागतो, ते आता देतो. मला मार्चमध्येच कळलं होतं. तू स्वयंपाकघरात बसतेस हे तुझ्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. पण जावईबापूंचं पत्र मी चारदा वाचलं, आणि शिक्षकांच्या खोलीत दोघांना ऐकवलं. सव्वीस वर्षांत वर्गात माझ्या विनोदाला कोणी हसलेलं नाही. तुझ्या घरी नऊ माणसं हसली, आणि त्यासाठी तुला पुन्हा दारात उभं करायला मला काही वाटलं नाही. नऊ खुर्च्यांवर बसला होता तो माणूस कोण होता, मलाही नीट आठवत नाही.

फ्रेम राहू दे. भिंत तुझी आहे, मी ब्र काढणार नाही. पाठ ठीक आहे, शाळेला सुट्टी लागली आहे, परतल्यापासून कोणाशी विशेष बोलणं झालेलं नाही.

काळजी एकच आहे. पार्टीचं बोलावणं हेच तुझं शेवटचं पत्र होतं, असं मला वाटतं आहे. तू लिहिलं नाहीस, तर किस्सा न मागता मला दुसरं कोणी लिहीत नाही.

मामा