भोपळा कोणी कापायचा

वडूज,
मार्गशीर्ष, १९४४

प्रिय मनू,

पाचगणीहून तू पाठवलेल्या भोपळ्याच्या बियांचं काय झालं, हे तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी गप्प बसले. रागावू नकोस. शिराळ्याच्या शाळेत तू एक प्रश्न विचारलास की मी तीन विचारायची आणि बाई दोघींनाही उभं करायच्या, ते आठव. आज उत्तर देते, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे लांबण लावून.

ह्यांची पलटण इटलीला गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं बोलणं कमी, पण एकदा बोलल्या की बोलल्या. वैशाखात मानसिंग भावजी, माझे धाकटे दीर, सांगलीहून आले आणि त्यांना म्हणाले, "आई, घराला कुलूप लाव अन् चल सांगलीला. गडीमाणसाबिगर कसं निभायचं?" भावजी मनानं वाईट नाहीत. पण त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही मावणार कुठे, आणि एकदा लागलेलं कुलूप पुन्हा उघडतं का? आत्याबाई म्हणाल्या, "दिवाळीपत्तूर बघू. तवर कुणाच्या दारात मागाय गेलो, तर मग ने." झालं, पैज लागली.

शेत वाट्यानं दिलेलं असल्यामुळे भाकरीची चिंता नव्हती. अडचण कोरड्यासाची, भाकरीला लावून खायच्या कालवणाची. आमच्या कोरड्या मुलखात माळवं, म्हणजे ताजी भाजी, ही बाजारादिवशीची चैन, आणि लढाईमुळे भाव आभाळाला भिडलेले. सरकारचा माणूस चावडीवर येऊन 'अधिक धान्य पिकवा' सांगून गेला. पाऊस कुणी पाडायचा ते काही बोलला नाही. आम्ही घरामागचं परडं खणलं, वांगी अन् घेवडा लावला आणि न्हाणीचं पाणी चर काढून तिकडं वळवलं. तरी अर्धं पाणी चरातच मुरायचं, म्हणून मी वांग्यांजवळच तट्ट्याचा आडोसा केला. तेव्हापासून आम्ही अंघोळ वांग्यांच्या सोबतीनं करतो. वांग्याला माझ्या शिकेकाईची चव येते का, हे मी मुद्दाम चाखून पाहिलं. येत नाही.

तुझ्या बिया मात्र मी उकिरड्याच्या कडेला लावल्या. वेल बघता बघता छपरावर चढला. मनू, तू कधी भोपळ्याची फुलं नीट पाहिली आहेस का? काही फुलांच्या बुडाशी आधीपासूनच इवलासा भोपळा असतो आणि काहींना नुसता देठ. मला वाटलं, नुसत्या देठाची ती फुकटी. रोज खुडून पिठात घोळवून तळायची. आणि ते इवले भोपळे पिवळे पडून गळायला लागले. कीड शोधली, राख टाकली, काही उपयोग नाही. मग एके सकाळी बसून राहिले, तर एक भुंगा त्या फुकट्या फुलातून अंग पिवळं करून निघाला आणि दुसऱ्या फुलात शिरला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खुडणं थांबवलं, आणि दसऱ्याला छपरावर तीन भोपळे होते, एकेक मला उचलेना असा.

मी विळी घेऊन बसले तर आत्याबाईंनी माझा हात धरला. "बाईनं भोपळा कापू न्हाई. पयला घाव गड्याचा." का, म्हणून विचारलं तर त्या विळी उचलून आत घेऊन गेल्या. शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या, पाप लागतं. कसलं पाप, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बरं, रंगूबाईंच्या मालकांना हाक मारू का? तर आत्याबाई नको म्हणाल्या. मग दिवाळीला भावजी येतील त्यांना सांगू? तर त्या उठूनच गेल्या. मला काही उमगेना. रोज सकाळी मात्र शिडीवर चढून त्या भोपळ्यांवरून हात फिरवून यायच्या.

एकदा घेवडा सोलता सोलता त्याच बोलल्या. "भोपळा म्हंजी घरचा थोरला ल्योक, बाई. आईनं त्यो कसा कापायचा? अन् दुसऱ्याला तरी कसा कापू द्यायचा?" त्यांचा थोरला म्हणजे हे. आषाढानंतर ह्यांचं पत्र नव्हतं. मनू, जन्मात पहिल्यांदा मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दिवाळी झाली. आम्ही कुणाच्या दारात गेलो नव्हतो, उलट रंगूबाईंनाच घेवडा देत होतो. भावजी येऊन परडं बघून गेले. कुलपाचं नाव काढलं नाही.

हे सगळं मी हसत लिहिलं, कारण सरळ लिहायला हात चालेना. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तार आली. हे आता येणार नाहीत, मनू. मला फार, फार एकटं वाटतं, आणि ते पहिल्यांदा तुलाच सांगते. तेराव्याच्या गोडाला घारगे करायचे ठरले. भावजींनीच भोपळा खाली उतरवला आणि विळी पुढं ओढली. आत्याबाईंनी ती त्यांच्याकडून काढून घेतली. "ठेव. माझा ल्योक हाय, मीच कापते." भोपळ्याच्या त्यांनी सरळ दोन फाका केल्या, गर काढताना मात्र थांबल्या, आणि एकेक बी वेचून सुपात ठेवली. सगळ्यांना वाढून झाल्यावर भावजींना म्हणाल्या, "तू येत जा. आमी हितंच ऱ्हातो." दुसऱ्या दिवशी मी विचारलं, उरलेले दोन कोण कापणार? त्यांनी विळी माझ्याकडे सरकवली. बिया राखेत घोळवून वाळवल्या आहेत. निम्म्या तुला या पत्रासोबत पाठवते. निम्म्यांसाठी आत्याबाईंनी आळं आत्ताच खणून ठेवलंय.

तुझीच,
अंजना